संदंश, सांडशी आणि पक्कड

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. हत्यारे म्हणजे ढाल-तलवार नव्हे. ते वैभव आमच्या घराण्यात कधीच नव्हते. पाटावर मांडायला आमच्याकडे असतात ती कोयता, विळी, हातोडी, करवत, कानस, आजीच्या वेळचा अडकित्ता आणि दोन पकडी. त्यांपैकी एक पक्कड काळपट आहे, मुठी वापराने गुळगुळीत झालेल्या. पण तोंड मिटले की मधून उजेडाची तिरीपसुद्धा जात नाही. दुसरी चांदीसारखी चकचकीत, लालभडक मुठींची आणि मोडकी.

यंदा दोघींवर झेंडूचे फूल ठेवताना भाचीने विचारले, "मावशी, मोडकीला कशाला गं फूल?"

"तिने मला शिकवलं म्हणून," मी म्हटले. पोरीचे समाधान झाले नाही, हे तिच्या तोंडावरून दिसलेच. दिवाळीचा आकाशकंदील बांधायला बसलो, कामट्यांना तार गुंडाळू लागलो, तेव्हा मी तिला सारी हकीकत सांगितली. तीच आता वाचकांना सांगते.

आम्हा महाडकरांना पुराचे अप्रूप नाही. सावित्री आणि गांधारी पावसाळ्यात एकदा तरी बाजारपेठेत डोकावून जायच्याच, हे आम्ही गृहीत धरलेले असते. पण २२ जुलै २०२१ चे पाणी नुसते डोकावायला आलेले नव्हते. आमच्या खालच्या बिऱ्हाडात एक आजी आणि त्यांचा सात वर्षांचा नातू राहत होते. पाणी घरात शिरले, आतले कपाट तरंगले आणि पुढच्या दारात आडवे पडले. राहिली मागची पडवी. तिला माकडांच्या उपद्रवापायी लोखंडी जाळी लावलेली, आणि ती जाळी जाड गॅल्वनाइझ्ड तारेने चौकटीला सात ठिकाणी आवळलेली. ती सुटली तरच दोघांना जिन्यावर घेता येणार होते.

लाल मुठींची पक्कड घेऊन मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. महिन्यापूर्वीच घेतली होती. दुकानात वेष्टनातून बाहेर काढली तेव्हा तिच्यात माझे तोंड दिसले होते, आणि तेवढ्यावरच मी भाळले होते. पहिली तार तुटली. दुसऱ्या तारेपाशी पकडीच्या धारेला खड्डा पडला. तार होती तशीच. तिसरीला दोन्ही हातांनी जोर केला, तेव्हा मधला खिळा ढिला झाला आणि दोन्ही जबडे एकमेकांना चुकवून दोन बाजूंना गेले. पाणी आता छातीला लागत होते. आत नातवाचे रडणे चालू होते, आणि आजी त्याला रामरक्षा म्हणायला लावीत होत्या.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त वायरमन राहतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी कठड्यावरून सुतळीला बांधून आपली पक्कड खाली सोडली. "बाई, तार खिळ्याजवळ घ्या, टोकाला नको!" एवढेच ते वरून ओरडले. उरलेल्या तारा एकेका दाबासरशी तुटल्या. आजी आणि नातू वर आले.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. त्या दुःखापुढे आमची ही गोष्ट फार लहान आहे, आणि ती त्या मानानेच सांगत आहे. पण पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना दोन्ही पकडी शेजारी ठेवून मी नानांना विचारले, "दिसायला दोन्ही सारख्याच. मग असं का?"

नाना म्हणाले, "बाई, वर्गातल्या पोराला तुम्ही परीक्षा घेतल्याशिवाय वर घालता का? हिला मात्र घातलीत."

शिक्षिकेला याहून झोंबणारे बोलणे कोणते असणार? मी त्या परीक्षेचा अभ्यासक्रम शोधू लागले, आणि शोधता शोधता फार मागे गेले.

पक्कड हा शब्द पकडण्यावरून आला, हे उघडच आहे. पण तिची थोरली बहीण आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. ती म्हणजे सांडशी. काही घरांत तिलाच गावी म्हणतात. सांडशी किंवा सांडस हा संस्कृतातल्या संदंशाचा मराठी अवतार. दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेला चावा तो संदंश. चुलीवरचे उकळते आधण उतरवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या हा शब्द रोज मुठीत धरत होत्या, आणि तो किती जुना आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय यंत्रांचा आहे. शस्त्रवैद्याला लागणारी एकंदर १०१ यंत्रे तिथे सांगितली आहेत. त्यांत संदंश २ आणि स्वस्तिकयंत्रे २४. स्वस्तिकयंत्र म्हणजे एकमेकांना छेदून जाणारे दोन दांडे आणि मध्ये खिळा, थेट आपली पक्कडच. त्यांची तोंडे पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखी करावीत असा दंडक आहे: कोणाचे सिंहासारखे, कोणाचे वाघासारखे, कोणाचे कावळ्यासारखे. मधल्या खिळ्याचे डोके मसुराच्या दाण्यासारखे असावे, इतक्या बारकाव्यापर्यंत ग्रंथकार जातो. साऱ्यांत श्रेष्ठ कंकमुख, म्हणजे कंक पक्ष्याच्या लांब चोचीचे. कारण ते सहज आत जाते, घट्ट धरते आणि सहज बाहेर येते. वायरमन लोकांच्या पिशवीत लांब नाकाची जी पक्कड असते, जिला ते नोज प्लायर म्हणतात, ती या कंकमुखाची दूरची नातच म्हणायची.

पण मला खरा खजिना सापडला तो पुढे. यंत्रांचे बारा दोष तिथे मोजून दिले आहेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडे हे दोष कोणालाही दिसतील. परंतु त्याखेरीज ‘असार’ म्हणजे निकस धातूचे, ‘विषमग्राही’ म्हणजे एका बाजूने धरणारे व दुसऱ्या बाजूने सोडणारे, ‘शिथिल’ म्हणजे सैल, ‘मृदुकील’ म्हणजे कच्च्या खिळ्याचे आणि ‘मृदुमुख’ म्हणजे मऊ तोंडाचे हेही दोष सांगितले आहेत. माझी लाल मुठींची पक्कड माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. या पाचांपैकी एकही दोष तिने सोडलेला नव्हता!

पुढच्याच अध्यायात शस्त्रे कोणाकडून घडवावीत याचा विचार आहे: शुद्ध लोखंडाची, आणि कामात मुरलेल्या लोहाराकडून. त्यांना ‘पायना’ द्यावी असेही म्हटले आहे. पायना म्हणजे पाजणे. तापलेले शस्त्र क्षारात, पाण्यात किंवा तेलात बुडवून त्याला धारेचे बळ आणायचे. आमच्याकडचा लोहार आजही काय म्हणतो? "कोयत्याला पाणी पाजलंय." शब्द आणि कृती दोन्ही एवढा प्रवास करून तशीच राहिली आहेत.

हे पाणी पाजणे म्हणजे नेमके काय, ते पोलादपूरच्या बाजूला लहानपणी एका भात्यापुढे तासन्‌तास बसून मी पाहिले आहे. आमच्या शेजारच्या तालुक्याच्या नावातच पोलाद आहे. तिथे लोखंड कसे शिकते ते पाहायला मिळावे हे मला तेव्हा अगदी साहजिक वाटले होते. लोहाराने पाते लालबुंद केले आणि चर्र करून पाण्यात बुडवले. ते कठीण झाले, पण काचेसारखे ठिसूळही झाले. मग त्याने ते घासून उजळ केले आणि पुन्हा हलक्या आचेवर धरले. पात्यावर रंग चढू लागले: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. कोणत्या रंगावर थांबायचे हे हत्यारागणिक निराळे. धार टिकायला हवी तर पिवळ्याशी थांबायचे. वाकून पुन्हा सरळ व्हायला हवे तर निळ्याकडे जायचे. क्षणभर उशीर झाला की सारी मेहनत वाया. सगळे ज्ञान त्याच्या डोळ्यांत होते, आणि ते मोजायला त्याच्याजवळ कसलेही साधन नव्हते.

त्या ज्ञानाला जामीन कोण? तर लोहाराचे तोंड. गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. वर्षभर फाळ, विळे, कोयते करून द्यायचे आणि सुगीला धान्याचे बलुते घ्यायचे. कोयता पहिल्याच पावसात मोडला, तर शेतकरी तो घेऊन त्याच्या दारात उभा राहणार, आणि खळ्यावर दोघांची गाठ पडणारच. गिऱ्हाईक घडवणाऱ्याला ओळखत होते. घिसाडी कुटुंबे रस्त्याकडेला भाता लावीत, त्यांनाही पुढच्या वर्षी त्याच गावात यायचे असे. वाईट माल देऊन कोणाला पळून जायची सोय नव्हती. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते आणि लोहाराच्या पदरात पडे ते थोडेच; तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एवढेच की, हत्याराची परीक्षा त्या काळी माणसांच्या ओळखीत मुरलेली होती.

पकडीचे नाते पहिल्यापासून तारेशी. आणि तारेच्या कामाची थोरवी सांगायला आम्हाला घाटाच्या पायथ्यापासून लांब जावे लागत नाही. पोलादपुरातून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगड समोर येतो. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाने महाराजांवर वार केला, आणि तो अंगरख्याआडच्या लोखंडी कडीकामावर खरखरून फुकट गेला असे बखर सांगते. या भेटीचे वर्णन ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात करणारे कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरातच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चिलखत करायचे म्हणजे आधी भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून लोखंड ओढून तार काढायची. ती गजावर स्प्रिंगेसारखी गुंडाळायची, कापून एकेक कडी सुटी करायची, मग प्रत्येक कडी शेजारच्या कड्यांत गुंतवून तिची टोके चिमट्यात धरून बारीक खिळ्याने जोडायची. अशा हजारो कड्या. त्यांतली एखादी कच्ची राहिली तर कट्यारीचे टोक नेमके तिथूनच आत शिरायचे. त्या चिलखताच्या कारागिराचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण त्याच्या हातातला चिमटा ‘विषमग्राही’ नव्हता, एवढे इतिहासाने सिद्ध केले आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत तार युद्धाच्या अंगरख्यातून निघून खांबांवर चढली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि १८५४ साली मुंबई, आग्रा व कलकत्ता ही शहरे तारायंत्राने जोडली गेली. मैलोगणती तार ताणायची, तोडायची, पिळायची, तर धरणारे आणि कापणारे हत्यार एकच असलेले बरे. तिकडे अमेरिकेत शिकागोमध्ये १८५७ साली मथायस क्लाइन नावाच्या जर्मन लोहाराकडे एक तारवाला आपल्या पकडीचे मोडलेले अर्धे घेऊन आला. क्लाइनने नवे अर्धे घडवून जुन्याला जोडून दिले. काही दिवसांनी जुने अर्धेही मोडले, तेव्हा त्याने तेही घडवले, आणि त्यातूनच पकडी करण्याचा त्याचा धंदा उभा राहिला, असे त्या घराण्याच्या कंपनीत आजही सांगतात. जर्मनीत वुपर्टालजवळ १८८२ साली गुस्ताव पुत्श याने चिमटे-पकडींचा कारखाना काढला. तोच पुढे क्निपेक्स नावाने जगभर गेला. दोघेही मुळात भात्यापुढचीच माणसे.

मग वीज आली. ज्या १९२७ साली २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच साली आमच्याच जिल्ह्यात भिरा येथे टाटांचे वीजघर सुरू झाले. पण ती वीज मुंबईला जाई. आमच्या वाड्या-वस्त्यांवर दिवे लागायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. तोवर विजेच्या मागोमाग आमची माणसेच मुंबईला जात होती. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात राबणारा चाकरमानी शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी यायचा, तेव्हा त्याच्या ट्रंकेत लुगडी आणि खाऊ यांबरोबर नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेली एखादी विलायती पक्कड किंवा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतला कारखाना असा ट्रंकेतून आला आहे.

स्वातंत्र्यानंतर हे हत्यार इथेच घडू लागले. जालंधर, लुधियाना, नागौर ही त्याची नामांकित गावे. आपल्या महाराष्ट्रात १९६५ साली स्थापन झालेल्या टपारिया कंपनीने १९६९ पासून स्वीडनमधील एका कारखान्याच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले, आणि नाशिकची पक्कड घरोघर पोचली. भात्यापुढच्या रंगांची जागा आता आकड्यांनी घेतली. १९१९ साली रॉकवेल आडनावाच्या दोघा अमेरिकनांना कठीणपणा मोजण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले होते; लोहार ज्याला नुसते ‘पाणी बरं बसलंय’ म्हणे, ते त्या यंत्रावर मोजून सांगता येते. पकडीचे अंग चिवट ठेवायचे आणि धार तेवढी वेगळी तापवून कठीण करायची, ही युक्तीही आली. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने, जिचे १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले, या हत्यारांचीही मानके ठरवली. धरणाऱ्या-कापणाऱ्या साध्या पकडीचे मानक आय. एस. ३६५०.

म्हणजे लोहाराच्या तोंडाची जागा शिक्क्याने घेतली. शिक्का चांगलाच, पण शिक्का नसलेला आणि शिक्क्याची नक्कल केलेला मालही त्याच दुकानात, त्याच खुंटीला टांगलेला असतो. घडवणारा शेकडो कोसांवर. त्याच्या दारात मोडका कोयता घेऊन उभे राहण्याची सोय आता नाही. जी परीक्षा पूर्वी गाव मिळून करीत होते, ती आता दुकानाच्या फळीशी उभ्या असलेल्या एकट्या गिऱ्हाइकाने करायची असते.

पुरानंतर बाजार पुन्हा उघडला, तेव्हा नाना माझ्याबरोबर आले. त्यांनी सुश्रुत वाचलेला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी जे केले ते मी बारा दोषांशी पडताळून पाहत होते.

त्यांनी आधी पक्कड मिटून दिव्यासमोर धरली. जबड्यांची टोके भिडली पाहिजेत आणि कापायच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. दोन पकडी तिथेच बाद झाल्या. एकीची टोके भिडत होती पण धारांत फट होती, दुसरीचे जबडे तिरके बसत होते. हाच विषमग्राही दोष. मग मुठी धरून आडव्या हलवल्या. खिळ्यात खडखड नको, पण उघडमीट मात्र हलक्या हाताने झाली पाहिजे. अधेमधे अडकत असेल तर तेही वाईट. तिसरी शिथिल निघाली. मग खिशातून साधा कागद काढून धारेत धरला. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे, दुमडून चेपता कामा नये. शेवटी दुकानदाराला विचारून गॅल्वनाइझ्ड तारेचा तुकडा तीनदा कापला आणि धारेवरून नख फिरवले. चौथीच्या धारेवर नख अडकले. खाच पडली होती. मृदुमुख! पाचवीवर नख सरळ घसरत गेले.

"चकाकी किती आहे हे नाही का पाहायचं?" मी हसून विचारले.

"चकाकी वरचा मुलामा असतो, बाई. आतली ठोकून घडवलेली आहे की ओतलेली, ते बघायचं. ओतलेली पडली की तुटते." त्यांनी अंगावरचा ठसा दाखवला; कंपनीचे नाव आणि मानक धातूत उमटवलेले होते, वर चिकटवलेल्या कागदावर नव्हे.

घरच्या कामाला किती हत्यारे लागतात, तेही त्यांनी सांगितले. धरायला, पिळायला आणि जाड तार तोडायला आठ इंची पक्कड; दांडा लांब, म्हणून जोर कमी लागतो. बारीक वायर जवळून सफाईने कापायला सहा इंची तिरप्या तोंडाचा कटर. अडचणीच्या जागी जायला एक नोज प्लायर. या तिन्ही चांगल्या घ्याव्यात. दहा हत्यारांची स्वस्त पेटी घेऊ नये. कापताना तार खिळ्याजवळ घ्यावी, कारण तिथे जोर सर्वांत जास्त मिळतो. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर निसटते आणि खिळ्याशी सरकवली की फुटते, हे आपल्या आज्यांना कोणी भूमितीत शिकवले नव्हते. सायकलचा स्पोक, स्प्रिंग, पोलादी खिळा असल्या कठीण वस्तू साध्या कटरात घालू नयेत. पकडीने हातोडीचे काम करू नये, नट फिरवू नये.

मुठींविषयी मात्र ते गंभीर झाले. मुठीवर प्लॅस्टिक चढवले म्हणजे विजेपासून राखण झाली असे नाही. ते पुष्कळदा केवळ हाताला मऊ लागावे म्हणून असते. विजेच्या कामाच्या पकडीवर १००० व्होल्टचा आकडा आणि एकावर एक दोन त्रिकोणांची खूण असते. "आणि ती असली तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "माझ्याबरोबरीचे दोघे या विश्वासात गेले." त्या एका वाक्यात त्यांच्या साऱ्या नोकरीचा भार होता.

आमच्या कोकणच्या दमट हवेत लोखंडाला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. म्हणून काम झाले की पक्कड पुसायची, खिळ्यावर शिवणाच्या मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, चारदा उघडमीट करायची आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पुरातून निघालेली नानांची पक्कड त्यांनी त्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात सुटी करून, पुसून, तेल लावून ठेवली होती. घरातला पलंग बुडाला होता, रेडिओ बुडाला होता. पण हत्यार आधी.

एवढी हकीकत सांगून होईपर्यंत कंदिलाचा सांगाडा उभा राहिला होता. भाचीने शेवटची तार काळ्या पकडीत धरली. टोकाशी नाही, खिळ्याजवळ. टक् करून तार तुटली. मग तिने आपण होऊनच पक्कड ओढणीच्या टोकाने पुसली आणि तेलाची बाटली शोधायला उठली.

संध्याकाळी कंदील लावला, तेव्हा खालच्या आजींचा नातू अंगणात किल्ला करीत होता. आता चांगला उंच झाला आहे. नाना पायरीवर बसून त्याला सांगत होते, "बुरुज बांधलास तो ठीक आहे, पण जरा हलवून बघ." त्याने बुरुज हलवला. तो ढासळला, आणि पोराने दुसरा बांधायला घेतला.